उजवीकडून चौथा

१

शटर खाली आलं तेव्हा नबीचा उजवा हात अजून उंबऱ्यावरच होता.

ऑक्टोबर २००५ मधला रविवार. दुपारचे साडेतीन. बीडच्या बसस्टँडमागं श्रीशैलचा सायबर कॅफे होता. तिथं पाच मिनिटांपूर्वी पाच जण एका खेळातली लढाई हरले होते. खेळाचं नाव 'सात टेकड्या'. जुन्या रोमच्या फौजा, ढाली, भाले, आणि पडद्यापलीकडं नाशिकची, पुण्याची, कुठली कुठली खरी माणसं. बीडच्या पाच जणांची 'बिंदुसरा पलटण' तीनशे पलटणींतून वर येत अंतिम लढाईला पोचली होती. जिंकणाऱ्यांना हैदराबादची कंपनी बोलावून घेणार होती, नोकरीसाठी. बीडमध्ये त्या शब्दाला काय वजन होतं ते बीडच्या पोरांनाच विचारावं.

आणि ऐन मोक्याला ढालींच्या भिंतीत भगदाड पडलं. नबीच्या तुकडीशेजारी.

"फितूर हायस बे तू!" म्हणून बंकट ओरडला. त्यानं नबीला गचांडी धरून बाहेर काढलं. आपली अवजारांची पिशवी आत राहिली म्हणून नबी परत वाकला, आणि बंकटनं शटर ओढलं.

तीन बोटं. नबी टीव्ही, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्या बोटांनी तो तांदळाच्या दाण्याएवढा सुटा भाग धरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई रुकसाना त्रिंबक होनरावांच्या दारात उभी राहिली. सीताफळांची पाटी तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली, पण ती विकायला आली नव्हती.

"सर," ती म्हणाली, "माझं पोरगं फितूर न्हाई. तुमीच त्याला शाळेत कवायत शिकवली. तुमीच त्या पाची जणांना उभं ऱ्हायला शिकवलं. आता तुमीच बघा, कुणी मोडलं ते."

"पोलिसात गेलात का?"

"पोलीस बोटाचं बघतील सर. नावाचं कोण बघनार?"

"नबी काय म्हणतो?"

"कुनाशी बोलतच न्हाई. भिताडाकडं तोंड करून पडलाय."

"पडू द्या," त्रिंबक म्हणाले. "त्याला आत्ता त्रास नको."

ते खरंच दयेनं म्हणाले होते.

२

त्रिंबक होनराव एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण ही पलटण त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, मन्मथनं, विचारलं होतं, "पप्पा, रांग तुटत का नाही, ते शिकवा ना." त्रिंबकांनी पाचही जणांना शाळेच्या मैदानावर नेलं, हातात जेवणाची ताटं दिली ढाली म्हणून, आणि महिनाभर घाम काढला. सगळ्या कॅफेतली पोरं हसली होती. मग बिंदुसरा पलटण जिंकायला लागली, आणि हसणारे गप्प झाले.

खेळाचा नियम सोपा होता. प्रत्येकाच्या हुकमाखाली शंभर सैनिक, म्हणजे एक 'शतक'. पाच शतकं एका ओळीत उभी राहिली की ढालींचं 'कासव' लागायचं. अंतिम लढाईत उजवीकडून ओळ अशी होती: पहिला मन्मथ, तो म्होरक्या. दुसरी प्रणिता, पॉलिटेक्निकची. तिसरा श्रीशैल. चौथा नबी. पाचवा, अगदी डावीकडं, बंकट. बंकटच्या पलीकडं कडा होता. त्याचं शतक कड्याला टेकून, जागचं हलणार नाही असं रोवलेलं. त्याला पोरं खुंटा म्हणायची.

भगदाड पडलं ते नबी आणि बंकटच्या मध्ये. पुराव्याची गरजच काय, असं सगळ्यांचं म्हणणं.

त्रिंबक आधी बंकटच्या पानटपरीवर गेले. त्याला शटराची लाज वाटत होती, म्हणून तो जास्तच मोठ्यानं बोलत होता.

"सर, मी डोळ्यानं बघितलं. माझ्या उजव्या अंगाला त्याची मानसं व्हती, आन् एकदम न्हवती. सरकला त्यो! त्या फटीतून नाशिकवाले घुसले. धा मोजायच्या आत माझी शंभर मानसं गेली."

"का सरकेल तो?"

"इकला गेला आसंल. शनवारी त्यो नाशिकच्या म्होरक्याशी बोलत व्हता, कॉम्प्युटरवर. श्रीशैलनं बघितलंय. आमची मांडनी सांगितली आसंल, आनखी काय."

त्रिंबकांनी सुपारी तोंडात टाकली. "लढाई चालू असताना म्होरक्या काय बोलत होता?"

"मन्मथ? त्यो तर घसा फाडून वरडत व्हता. 'जागा सोडू नका, कुनी हलू नका.' बिचाऱ्यानं लई जीव तोडला सर. तुमचं पोरगं हाय म्हनून न्हाई म्हनत."

हे ऐकून त्रिंबकांना बरं वाटलं. आदल्या रात्रीपासून मन्मथ जेवला नव्हता, आणि त्याचं दुःख मोठं आहे असं ते धरून चालले होते.

३

श्रीशैलच्या कॅफेत दुपारी भारनियमन होतं. वीज यायला तासभर होता. अंधाऱ्या खोलीत प्रणिताही येऊन बसली होती.

"शनिवारचं खरं आहे सर," श्रीशैल म्हणाला. "मी पाठीमागून गेलो तेव्हा नबी नाशिकवाल्याला लिहीत होता. मला बघून त्यानं खिडकी बंद केली."

"वाचलंस?"

"एक शब्द दिसला. 'कितीला देतो'."

प्रणिता मध्येच म्हणाली, "त्या नाशिकवाल्याचं जुन्या पार्टचं दुकान आहे. इथला तीन नंबरचा कॉम्प्युटर बंद पडला होता, आठवतंय? मदरबोर्ड कुठून आणायचा म्हणून तुम्हीच नबीच्या मागं लागला होतात."

श्रीशैलनं मान खाली घातली. "मग खिडकी कशाला बंद केली?"

"कारण तुम्ही त्याला रोज म्हणायचात, जुना माल लावू नको, नवा लाव. आणि नव्याचे पैसे द्यायचा नाहीत."

त्रिंबक तासभर तिथंच थांबले. वीज आली. पंखे फिरले, पडदे उजळले.

"झालेली लढाई परत बघता येते का?" त्यांनी विचारलं.

"येते. सगळी साठवलेली असते. पण सर, आम्ही चारदा बघितली. नबी सरकलेला स्वच्छ दिसतो."

"कुठून बघितली?"

"बंकटच्या बाजूनं. मार तिथंच बसला ना."

"मला वरून दाखव. घारीनं मैदान बघावं तसं. आणि हलवू नको."

पडद्यावर पिवळं माळरान उभं राहिलं. पाच चौकोन, प्रत्येकावर एक निशाण. समोरून नाशिकच्या फौजेची पाचर येत होती. त्रिंबकांनी खुर्ची ओढली, आणि परेडला बोलावं तसं आकडे मोजायला लागले. "एक, दोन. एक, दोन."

फट पडली. पाचर आत शिरली. निशाणं कोसळली.

"मागं घे."

तीन वेळा बघून झाल्यावर ते म्हणाले, "ह्यांना मांडणी माहीत नव्हती."

"म्हणजे?"

"पाचर कुणाकडं तोंड करून निघालीय बघा. मधोमध. श्रीशैल, तुझ्याकडं. फट पडल्यावर सात आकडे गेले, मग ती वळली. आधी माहीत असतं तर माणूस आधीच तिकडं निघाला असता. त्यांनी फट बघितली आणि फायदा घेतला. फितुरी बिटुरी काही नाही."

श्रीशैलचा चेहरा उजळला, मग पुन्हा पडला. "मग नबी चुकला? घाबरला?"

त्रिंबक पडद्याकडं बघत राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी हजार रांगा तुटताना बघितल्या होत्या. रांगेबाहेर दिसणाऱ्या पोराला नवा मास्तर छडी मारतो. जुना मास्तर आधी त्याच्या उजवीकडं बघतो.

"प्रणिता, कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट आहे का?"

"आहे. पण कशाला सर?"

"पाच दे."

४

लढाई सुरू व्हायच्या क्षणी चित्र थांबवून त्रिंबकांनी पडद्याच्या काचेवर पाच टिकल्या लावल्या. प्रत्येक निशाणाच्या डोक्यावर एक.

"आता हळू सोड. मुंगीच्या चालीनं."

चित्र सरकू लागलं. बंकटचं निशाण टिकलीखालून हललं नाही. नबीचं निशाण टिकली सोडून बोटभर उजवीकडं गेलं.

"बघा!" श्रीशैल म्हणाला.

"तुझं बघ."

श्रीशैलचं निशाणही टिकलीखाली नव्हतं. तेही बोटभर उजवीकडं. प्रणिताचंही.

"मी काहीच दाबलं नव्हतं," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सर, आईशप्पथ. कासव लागलं की आम्ही हात सोडून बसतो."

"मग तुझी माणसं कशी सरकली?"

उत्तर श्रीशैलनं दिलं, सावकाश. "कासवात प्रत्येक शतक आपोआप उजवीकडच्याला चिकटून राहतं. उजवीकडचा सरकला की डावीकडचा सरकतो. खेळच सरकवतो."

"परेडमध्ये त्याला 'दाहिने सज' म्हणतात," त्रिंबक म्हणाले. "प्रत्येकानं उजवीकडं बघायचं आणि त्याच्याशी जुळवून घ्यायचं. रांग उजवीकडून बनते आणि उजवीकडूनच मोडते. चौघं एक पाऊल उजवीकडं गेले. पाचवा रोवलेला, तो जाऊ शकत नाही. मग फट कुठं पडणार? चौथ्या आणि पाचव्याच्या मध्येच. चौथा कुणीही असता तरी तिथंच पडली असती."

बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांना तेव्हा कळलं.

"मागं घे," ते म्हणाले. "अजून हळू. फक्त पहिलं निशाण बघू."

सगळ्यात आधी हललं ते उजव्या टोकाचं निशाण. त्याच्या उजवीकडं कुणी नव्हतं. त्याला कुणाशी जुळवून घ्यायचं नव्हतं.



"चुकून हात लागला असेल," श्रीशैल म्हणाला.

"लागतो?"

श्रीशैलनं दोन बोटं कीबोर्डवर ठेवून दाखवली. दोन कळा एकदम दाबायच्या, आणि तीन आकडे होईपर्यंत दाबून धरायच्या. मधेच सोडलं तर तुकडी हलत नाही.

"आणि त्याच वेळी तोंडानं म्हणत होता, कुणी हलू नका," प्रणिता पुटपुटली. मग तिला काहीतरी आठवलं. "शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं होतं. पलटणीची मेल तोच उघडतो. त्यानं कागद छापून घेतला, वाचला, घडी करून खिशात घातला. मी विचारलं तर म्हणाला, नियम आहेत नुसते."

त्रिंबकांनी टिकल्या एकेक करून काचेवरून काढल्या आणि प्रणिताच्या हातात दिल्या. मग घराकडं निघाले. चालताना त्यांचं पाऊल दोनदा चुकलं.

५

मन्मथ गच्चीवर बसला होता. बापाला बघून त्यानं काही विचारलं नाही. खिशातून कागद काढून पुढं केला.

"इंग्रजीय. सांग."

"जिंकणाऱ्या पलटणीतल्या पाचही जणांना बोलावणार, पण नोकरी पदवीवाल्याला नाहीतर तांत्रिक शिक्षणवाल्याला. प्रणिताचा डिप्लोमा. श्रीशैलची बीएस्सी. नबीचा आयटीआय. बंकटचा नाही, पण बंकटला टपरी आहे." मन्मथ हसला. "आणि म्होरक्या बीए नापास. त्याला प्रशस्तिपत्र देणार. ते भिंतीला लावायचं, आणि हे तिघं हैदराबादला जाताना स्टँडवर हात हलवायला जायचं."

"म्हणून मोडलंस?"

"दोन वर्षं मी उभं केलं त्यांना. नबीला कीबोर्ड कुठं धरायचा कळत नव्हतं."

"त्याची बोटं गेली मन्मथ."

"शटर मी ओढलं नाही."

"नाव त्याचं घेतलं जात होतं. तू तिथं उभा होतास."

 मन्मथ म्हणाला, "शाळेत सव्वीस जानेवारीला उजव्या टोकाला तुम्ही नेहमी नबीला उभं केलंत. स्वतःच्या पोराला एकदाही नाही. आई तुम्हाला विचारायची. आठवतं का?"

"तुझं पाऊल चुकायचं."

"रविवारी नाही चुकलं," मन्मथ म्हणाला. "मोजून टाकलं."

त्रिंबकांचा हात उठला होता. तो त्यांनी जिन्याच्या कठड्यावर ठेवला. खाली मन्मथची आई, उमाबाई, ताटं मांडत होत्या. त्यांनी विचारलं, "बापलेक जेवायला येताय ना?" 

६

खेळाच्या नियमांत एक वाट होती. पलटणीतल्या कुणी मुद्दाम घात केला, तर आठ दिवसांत तक्रार करायची. चित्र तपासून कंपनी त्या खेळाडूला कायमचं काढणार, आणि उरलेल्यांना नव्या पाचव्यासोबत लढाई पुन्हा देणार.

शुक्रवारी त्रिंबकांनी सगळ्यांना कॅफेत बोलावलं. नबी आला नाही. त्याला निरोप कुणी दिलाच नव्हता, हे त्रिंबकांच्या ध्यानात आलं ते मागाहून. मन्मथ कोपऱ्यात उभा राहिला. त्रिंबकांनी टिकल्यांपासून पत्रापर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी बोट दाखवून म्हणाले, "माझ्या मुलानं रांग मोडली. तक्रारीत त्याचं नाव लिहा."

कुणी रागावेल, कुणी अंगावर धावून जाईल, अशी त्यांची तयारी होती. तसं काही झालं नाही. तिघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि त्रिंबकांना उमगलं की ही बैठक आधीच होऊन गेलीय.

"सर," श्रीशैल म्हणाला, "तक्रार काल गेली."

"कुणाच्या नावानं?"

"चित्रात नबी सरकलेला दिसतोच. कंपनीवाले टिकल्या लावून बघणार नाहीत. मन्मथ गेला तर म्होरक्या कोण? त्याच्याशिवाय आम्ही परत हरू. आणि नबीचा हात... तो तसाही खेळू शकणार नाही ना आता."

"त्याची नोकरी?"

"त्या बोटांनी कोण देतंय सर?"

बंकट जमिनीकडं बघत म्हणाला, "माझ्या हातून झालं ते झालं. पर त्यो खरंच फितूर आसंल तर माझ्या मनाला जरा बरं वाटंल."

त्रिंबक प्रणिताकडं वळले. टिकल्या तिनंच दिल्या होत्या. तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "घरी माझ्या लग्नाचं बघतायत सर. मला इथून निघायचंय."

मन्मथनं मान वर केली नाही. ह्या तिघांनी त्याला माफ केलं नव्हतं. त्यांना तो लागत होता, एवढंच.

७

रविवारी त्रिंबक नबीच्या घरी गेले तेव्हा रुकसाना बाजारात होती. नबी खाटेवर बसून डाव्या हातानं एका रेडिओचं झाकण उघडत होता. उजव्या हाताला पांढरं प्लॅस्टर.

"तुझी चूक नव्हती," त्रिंबक म्हणाले. "शोधून काढलं मी. मन्मथनं..."

"मला म्हाईत हाय सर."

"कधीपासून?"

"तेव्हाच. माझी मानसं सरकली, तसं मी उजवीकडं बघितलं. तुमीच शिकवलंय ना, आपलं पाऊल हललं तर आधी उजवीकडं बघायचं म्हनून. श्रीशैल हात सोडून बसलेला. प्रणिता हात सोडून बसलेली. मन्मथची दोन बोटं कळांवर दाबलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलत व्हतो की. बंकटनं गचांडी धरली तवा तेच बोलत व्हतो. ऐकायला कोन व्हतं?" नबीनं रेडिओ बाजूला ठेवला. "सोमवारी अम्मी तुमच्याकडं आलती. मला वाटलं, सर येतेत, इचारतेत. मंगळवारी वाटलं. तुमी बंकटला इचारलं, श्रीशैलला इचारलं, प्रणिताला इचारलं. टिकल्या लावल्या म्हनं. मला एकट्याला न्हाई इचारलं."

"तुला त्रास नको म्हणून..."

"न्हाई सर," नबी शांतपणे म्हणाला. "तुमालाबी वाटत व्हतं, मीच आसंन. न्हाईतर पैल्यांदा हितंच आला असता."

 ते खरं होतं.

ते तसेच उठून माजलगाव रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कॅफेत गेले. तक्रारीचा आठवा दिवस संपायला अजून काही तास उरले होते. काउंटरवरच्या अनोळखी बाईंना त्यांनी एकेक वाक्य मराठीत सांगितलं, बाईंनी इंग्रजीत लिहिलं. कोणतं निशाण आधी हललं, किती आकड्यांनी पाचर वळली, सगळं. घात करणाऱ्याचं पूर्ण नाव सांगताना त्यांनी 'मन्मथ त्रिंबक होनराव' असं स्पष्ट उच्चारून सांगितलं.

"तक्रार करणाऱ्याचं त्या खेळाडूशी नातं काय, असं विचारलंय," बाई म्हणाल्या.

"वडील."

बाईंची बोटं थांबली. "नक्की पाठवू काका?"

"पाठवा."

सहा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. एकाच पलटणीतून दोन नावं आली, सबब पलटणच बाद. नवी लढाई कुणालाच नाही, बोलावणं कुणालाच नाही. चित्र कुणी तपासलं की नाही, ते उत्तरात नव्हतं. दिवाळीनंतर प्रणिताचं लग्न धारूरला ठरलं. मन्मथ घर सोडून पुण्याला गेला. उमाबाईंना फोन करायचा, आणि त्रिंबकांनी घेतला की ठेवून द्यायचा. नबीचं प्लॅस्टर निघालं. दोन बोटं वळायला लागली, तिसरं नाही.

पण बसस्टँडमागं बंकटच्या टपरीवर आजही विषय निघाला की लोक सांगतात, बीडची पोरं पार हैदराबादपर्यंत पोचली असती, त्या नबीनं घात केला. आणि कुणी त्रिंबक सरांचं नाव काढलंच, तर हळूच म्हणतात, त्या नबीचा काही नेम नाही, त्यानं म्हाताऱ्या मास्तरालासुद्धा फितवलं.